एवढ्यात झाडू नका

"ही एक ओळ काढून टाक," सुधींद्र म्हणाला, "म्हणजे सगळे गप्प बसतील."

हिनकलमधल्या त्याच्या लहानशा स्टुडिओत परदेशी सिनेमे कन्नडमध्ये आणले जात. संवाद पावनी लिहायची. नाताळच्या संध्याकाळी चॅनेलवर लागलेला सिनेमाही तिनेच लिहिला होता. सिनेमा कसला, साखरेचा पाक. बर्फ, दिवे, रुसलेली मुलगी, हेकट बाप आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांची गळाभेट. लोकांनी तो डोळे पुसत पाहिला आणि मग चॅनेलच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. बहुतेकांचा राग एकाच ओळीवर होता.

मुलगी भांडून घर सोडते. तिची गाडी निघते न निघते तोच बाप लांब दांड्याचा झाडू घेऊन पायऱ्यांवरचं बर्फ झाडायला लागतो. आई त्याला काहीतरी म्हणते. मूळ सिनेमात ती म्हणते, कॉफी थंड होतेय. पण तिची पाठ कॅमेऱ्याकडे होती. ओठ दिसत नसले की संवाद लिहिणाऱ्याला रान मोकळं. पावनीने तिच्या तोंडी घातलं, 'एवढ्यात झाडू नका हो, पोर अजून वळणापर्यंतही पोचली नाही.'

सुधींद्रने फोन पुढे धरून वाचायला सुरुवात केली. "अमेरिकेत केर काढायला मुहूर्त बघतात का? ... अहो बाई, बर्फ आहे तो, कचरा नाही. ... आणि हे बघ, संवाद लिहिणारीच्याच हातात झाडू द्या."

पावनी हसली नाही.

"एक तारखेला परत दाखवणार आहेत," तो म्हणाला. "स्वल्प ऐक माझं. कॉफीचंच राहू दे. सुम्ने, उगाच कशाला हट्ट करतेस?"

"ओळ राहील."

"चॅनेलवाले पुढचा सिनेमा देणार नाहीत बघ."

"नको देऊ देत."

सुधींद्रला ही पोरगी अशी का अडून बसते ते कळेना. तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

देवराज मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं, मल्हाररावांचं, शिलाईचं दुकान होतं. मागे घर. चालतं दुकान सोडून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालायला निघालेल्या मुलीला ते म्हणाले होते, "गेलीस तर आम्हाला मेलीस." तीही त्यांचीच मुलगी. पिशवी उचलून निघाली. रिक्षा सुरू झाली तेव्हा तिने मागे पाहिलं. अप्पा दारात उभे होते आणि त्यांच्या हातात झाडू होता. आतून आई, कमलाक्षी, ओरडली ते तिने नीट ऐकलं. तेच शब्द तिने सहा वर्षांनी त्या गोऱ्या बाईच्या तोंडी घातले होते.

माणूस प्रवासाला निघाल्यावर तो पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. पाठोपाठ झाडतात ते प्रेत उचलल्यावर. हे त्यांच्या घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं. शब्दांनी मेलीस म्हटलं ते तिने एक वेळ सोडून दिलं असतं. झाडूचं मात्र तिला विसरता आलं नाही.

चौथ्या दिवशी तिने आईला फोन करून, हिनकलला पोचले, एवढंच कळवलं. हिनकलहून देवराज मोहल्ला बसने अर्ध्या तासावर. सहा वर्षांत ती त्या बसमध्ये चढली नाही. आईचा दर शनिवारी फोन यायचा. अप्पांचं नाव निघालं की पावनी फोन ठेवून द्यायची. मग आई बिचारी हवापाण्यावर बोलायला शिकली.

आपल्या घरात काय झालं ते एकदा सगळ्या राज्याने ऐकावं, एवढ्यासाठी पावनीने ती ओळ लिहिली होती. आणि राज्य हसत होतं.

"थांब, एक जण तुझ्या बाजूचा आहे," सुधींद्र म्हणाला. "बोलून पाठवलंय त्यानं. कन्नड चॅनेलला मराठीत कशाला बोलला, देवाला ठाऊक."

त्याने फोनचा आवाज वाढवला. आधी शिलाई मशीनची खडखड ऐकू आली. मग ती थांबली. पावनीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नमस्कार री. पिक्चर बघितलो. शेवटी संवाद लिहिलेल्यांचं नाव आलं, तेपण वाचलो. ती झाडूची ओळ काढू नका. बरोबर लिहिलंय. आमची कमलाक्षी अशीच ओरडली होती."

आवाज थकला होता. सहा वर्षांत खूपच थकला होता.

"पण पिक्चरवाल्यांनी एक चूक केली बघा. गाडी वळली की लगेच दुसरा सीन लावला. म्हातारा पुढं काय केला ते दाखवलंच नाही. गाडीत बसलेल्या पोरीला ते कसं दिसणार?"

सुधींद्रने काहीतरी विचारलं. पावनीने हाताने त्याला गप्प केलं.

"झाडू घेतलो होतो मी. रागात घेतलो. खोटं कशाला बोलू? पण लावलो नाही. कुणाला लावूपण दिलो नाही. दुकानात कात्रणं घोट्यापर्यंत आली. गिऱ्हाईकं हसली. हसू देत म्हटलो."

मशीनचं चाक एकदा उगाच फिरलं आणि पुन्हा थांबलं.

"चौथ्या दिवशी तुझा फोन आला, पोचले म्हणून. मग केर काढलो."