वहीतला बाप

"ज्याच्या जिभेवर तीनशे इंग्रजी वाक्प्रचार आहेत, त्याच्या केसालाही या जगात कुणी धक्का लावू शकत नाही." अँड्र्यू सरांचं हे वाक्य त्यांच्या क्लासच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. मच्छिंद्रशेठनी सरांचं डोकं आपटलं ते नेमकं याच वाक्यावर.

पहिल्या दणक्यात चष्मा गेला. दुसऱ्यात ओठ फुटला. तिसरा फटका ट्रॅक्टरच्या फॅनबेल्टचा होता. मच्छिंद्रशेठचं प्रवरा नदीकाठच्या बेलापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. एका गिऱ्हाइकाला द्यायचा म्हणून नवाकोरा बेल्ट त्यांच्या खांद्यावरच होता. माल अस्सल आहे, हे सरांच्या पाठीला तिथल्या तिथं पटलं.

"वाचा! मोठ्यानं वाचा!" शेठनी पोरीची वही सरांच्या नाकाला टेकवली.

सरांची शिकवण्याची रीत साधी होती. वही एकच. ती सगळ्यांनी उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. वरती इंग्रजी ओळ, खाली मराठी अर्थ. धडा चौदावा, 'उच्च शिक्षण आणि व्यवसाय'. शेठची अश्विनी आत्ता प्लायवूडच्या पार्टिशनमागं लॅपटॉपसमोर बसून परदेशातल्या कॉलेजच्या मुलाखतीत तोच धडा म्हणून दाखवत होती. शेठ बाहेर बाकावर. बसल्या बसल्या त्यांनी वही उघडली, इंग्रजी सोडून दिलं आणि अर्थ तेवढे वाचले.

सरांच्या भुवईतून रक्त गळत होतं. एका डोळ्यानं त्यांनी वाचलं, "'माझे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. धंद्याचं जहाज भर समुद्रात डगमगू लागलं. तेव्हा मी सुकाणू हाती घेतलं.'"

"कोन वारलं?"

"वडील."

"मंग मी कोन हाय?"

"वडील."

सटाक्. बेल्ट यावेळी मानेवर बसला.

"आन् जहाज? प्रवरंत गुडघाभर पानी न्हाई, मास्तर! तुमी जहाज कुठं घातलं?"

"शेठ, तो माझा बाप आहे हो!" सर कळवळले. "वही मी माझ्यावरून लिहिली. आमची बेकरी होती. वहीत सगळ्यांचा बाप एकच असतो. आजवर बेचाळीस पोरं परदेशी गेली त्याच्यावर!"

खुलासा चोख होता, पण जिवंत बापाचं त्यानं समाधान होईना. शेठनी बाक उचललं. सर खाली वाकले. बाक प्लायवूड फोडून पलीकडं गेलं आणि त्याच्या मागोमाग गळ्यावर शेठचा पंजा घेऊन सरही गेले. दोघं पडले ते अश्विनीच्या खुर्चीमागं, कॅमेऱ्याच्या बरोब्बर चौकटीत.

पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाई बोलता बोलता थांबल्या.

अश्विनीनं मागं वळून पाहिलं. 'पप्पा' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला. तो कुठल्याही देशात कळतो. दोन वर्षांची खटपट, हातातोंडाशी आलेली सीट, सगळं त्या एका शब्दानं गेलं असतं.

"काका," ती म्हणाली. "सोडा त्यांना, काका."

शेठचा पंजा सरांच्या गळ्यावर तसाच राहिला, पण त्यातला जोर गेला. बावीस वर्षांत पोरीनं त्यांना बरंच काही म्हटलं होतं. हे नव्हतं म्हटलं.

बाईंनी काहीतरी विचारलं. अश्विनीनं हळू आवाजात उत्तर दिलं.

"काय म्हनली?" शेठ सरांच्या कानात पुटपुटले.

"बाईंनी विचारलं, हे कोण. ती म्हणाली..." सरांनी रक्ताचा घोट गिळला. "माझे चुलते. भाऊ गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही."

शेठनी मुठीत बेल्ट आवळला. अश्विनी बापाकडं बघत होती. शेठनी बेल्ट वर उचलला. सरांनी डोळे मिटून येशूचं नाव घेतलं.

बेल्ट जमिनीवर पडला. शेठनी आपलंच कपाळ दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. दाणदाण. कातडी फुटून रक्त येईपर्यंत.

"गेला वो! माझा भाऊ गेला! सोन्यासारखा मानूस गेला!"

एवढं मनापासून मच्छिंद्रशेठसाठी बेलापुरात कुणी कधी रडलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग वाकून, अगदी हलक्या आवाजात आणखी एक प्रश्न विचारला. अश्विनीनं सरांकडं पाहिलं. सरांनी वहीकडं. चौदाव्या धड्यात हे नव्हतं.

"आता काय?" शेठनी रडणं न थांबवता विचारलं.

"विचारतायत, वडील कशानं गेले."

शेठनी सरांची फाटलेली कॉलर हातानं सारखी केली.

"सर," ते कानाशी लागले, "तेवढं हार्ट अटॅक सांगा. दारू नका सांगू. धाकट्या पोरीची सोयरीक जमायचीय अजून."