चंद्र आधी

दोन हजार चोवीसच्या वैशाखात पूजाचं लग्न झालं. त्याच साली तिची आई चंद्रभागा साठाव्या वर्षी लिहायला शिकली, अन् भेटेल त्याला शिकवत सुटली. सही मात्र हिरव्याच शाईने करायची. साहेबाची शाई, म्हणायची.

आता फाल्गुन लागला होता. नाशिक रोडच्या घरात पूजाचा भाऊ महेश आणि म्हातारी, दोघंच. मागच्या अंगणात महेशने संक्रांतीनंतर सिमेंटचा ओटा घातला होता.

त्याने हिरव्या शाईची नवी बाटली फोडली, पेन भरलं, आणि जुना करार म्हातारीपुढे ठेवला.

"हुबेहूब अशी सही पाहिजे. रंगही जुळायला हवा. उद्या प्लॉटच्या कागदावर करायची आहे."

म्हातारीने चष्मा सारखा केला. त्यातून तिला सगळं धुरकटच दिसे. तिने लिहिलं, भागा.

स्टीलची पट्टी बोटांवर बसली. "चंद्र कुठं गेला? चंद्र आधी!"

"हात वळत नाय रे."

"वळेल की." त्याने तिची करंगळी धरून उलटी मोडली. कट्‌कन आवाज आला. ती ओरडली तसा त्याने पदराचा बोळा तिच्या तोंडात कोंबला. "लिही."

पुन्हा भागा. या वेळी त्याने पेन हिसकावून निब तिच्या तळहातात खुपसली. रक्तात शाई मिसळून कागदावर काळपट डाग पसरला. विसाव्या कागदावर सही जुळली.

"वकिलीणबाईपुढे हाय-नाय करायचं नाही. तोंडच उघडायचं नाही. काही वेडंवाकडं झालं, तर संध्याकाळी मी पूजाच्या दारात उभा असेन."

दुसऱ्या दिवशी नाशकातल्या द्वारका चौकातल्या ऑफिसात अंजली वकिलांनी पट्टी बांधलेला हात पाहिला.

"काय लागलं, आजी?"

"विळीवर पडली," महेश म्हणाला. "ऐकतच नाही माझं."

त्यांनी पेनाकडे पाहिलं. "शाई नवी दिसते. आधी या चिटोऱ्यावर चालवून बघा. स्टॅम्पपेपरवर डाग नको."

"चालवू द्या. नावापलीकडे काही येत नाही तिला, पण तेवढ्यालाच दहा मिनिटं घेईल," महेश हसला, आणि पाठ फिरवून साक्षीदाराला फोन लावू लागला.

म्हातारीने चष्मा काढून ठेवला. आधी चंद्र लिहिला. मग भागा. तिथे ती थांबली नाही. दाताखाली जीभ धरून चिटोरा भरेपर्यंत लिहीत राहिली. मग तो हळूच टेबलापलीकडे सरकवला.

अंजली वकिलांनी वाचलं.

"चंद्रभागा माझी थोरली बहीण होती. संक्रांतीच्या करीला महेशनं वरवंट्यानं डोकं फोडून तिला मारली. ओट्याखाली हाय. मी कळवणची भागी."