बाईजाशी बोलणं

देवजीनं भाताच्या रिकाम्या कणगीवर सूप झाकलं, तेवढ्यात कुंपणाच्या बांबूच्या फाटकाला बांधलेला पत्र्याचा डबा खडखडला.

"आला," कणगीतून रविना म्हणाली. मग तिनं तोंडात पदर कोंबला.

किशोर सरळ घरात आला. हातात कोयता होता. चपला त्यानं काढल्या नाहीत.

"आजा, आमची बायको इकडं आली का?"

"माझ्याकडं कोण येतंय?"

चुलीजवळ चहाचे दोन कप होते. दोन्हींतून वाफ निघत होती. किशोर त्यांच्याकडे बघत राहिला.

"दुसरा कोणाचा?"

"बाईजाचा."

किशोर हसला. "म्हंजे गाव बोलतो ते खरंच हाय. मेल्या बायकोशी गप्पा मारतोस. काय बोलते रे ती? साखर कमी पडली?"

देवजीनं दुसरा कप चुलीपलीकडं सरकवला.

किशोरनं माळ्यावर पाहिलं, गोणपाटांमागे पाहिलं. "सकुबाईच्या बचत गटाच्या बायका तिला शहापूरला पोलीस ठाण्यात नेणार म्हणे. माझ्यावर केस टाकायला. भाताच्या आवणीवर त्यांच्याकडं पोचते कशी, बघतो. त्याच्या आधी पाय तोडतो तिचे."

बोलता बोलता तो वळला आणि त्याचा पाय कणगीला लागला.

तो थबकला. कोयता काखेत धरला, वाकून कणगीला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. शेणानं लिंपलेल्या त्या बांबूंच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, रविनाचं फुटलेलं तोंड होतं.

"लक्षुमी," तो पुटपुटला आणि बाहेर गेला.

देवजी सुपाशी वाकून कुजबुजला, "गेला गो. नीघ."

"नाय गेला," आतून आवाज आला. "डबा नाय वाजला."

देवजीनं कान दिला. पागोळ्या गळत होत्या. डबा वाजला नव्हता. पुढच्या पडवीत, कुडाला लागून, कोणीतरी ओल्या चपलेचं पाऊल हळूच पुढं टाकलं.

देवजी चुलीजवळ परत येऊन बसला. घसा खाकरला. मग मोठ्यानं बोलू लागला, रोज बोलायचा तसा.

"बाईजा, च्या घे. तुजं पावसाचं इरलं मागच्या दाराशी तसंच टांगलंय बघ. कोणाला हात नाय लावू दिला."

कणगीतली चुळबूळ थांबली.

"आठवतं का, भाकरी खाऊन बायका आपल्या परसामागच्या बांधानं परत आवणीला जायच्या? याच टायमाला. सकुबाई पुढं. तू इरलं डोक्यावर घ्यायचीस नि रांगेत घुसायचीस. कमरेपरत नुसती पानंच पानं. त्याच्याखाली कोण कोणाची, ते मला नवऱ्याला पण नाय कळायचं."

सूप हललं. देवजीनं आवाज चढवला. गाईचं शिंग मोडलं ते सांगितलं, लेकाच्या बारशात डाळ करपली ते सांगितलं, सुचेल ते सांगितलं. रविना त्याच्या पाठीमागून अनवाणी गेली. त्यानं वळून पाहिलं नाही.

परसामागून बायकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. जवळ आलं. कोणीतरी खिदळलं. मग सगळ्या एकदम गप्प झाल्या.

देवजीनं बोलणं अर्ध्यावर सोडून कानोसा घेतला.

तेवढ्यात सकुबाईनं खणखणीत आवाजात आवणीचं गाणं धरलं. बाकीच्यांनी ते उचललं. गाणं चालू लागलं.

देवजीनं आता मागं पाहिलं. दार उघडं होतं. खुंटी रिकामी होती. तिच्याखाली भिंतीवर इरल्याएवढी जागा सारवायची राहिली होती. बाईजा गेल्यापासून तिथं हात फिरला नव्हता.

गाणं लांब गेलं. डबा अजून वाजला नव्हता.

देवजी रिकाम्या घरात बोलत राहिला.

"सावकाश जा, बाईजा. बांध निसरडा हाय. मागं बघू नको."