छान, बाबा

"फोल्डरचा पत्ता चुकीचा टाकला, तर प्रोग्रामनं तसं तोंडावर सांगावं. वापरणाऱ्याची चूक पोटात घालू नये," प्रोग्रामिंगच्या क्लासच्या सरांनी बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. सरांना सांगायला काय जातं? तिचा प्रोग्राम वापरणारा माणूस एकच होता, आणि तो तिचा बाप होता.

आता दादा समोर बसून बाबांचाच विषय काढत होता.

"माझ्याकडची एक खोली रिकामी केलीय. शनिवारी जाऊन घेऊन येतो त्यांना."

"ते येणार नाहीत."

"त्यांना विचारतंय कोण?"

"मी विचारतेय." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आई गेल्यावर एकट्यानं घडी बसवलीय त्यांनी त्या घरात. ती मोडू देणार नाही मी."

"अगं, माझा फोनसुद्धा उचलत नाहीत. कालपासून लावतोय."

"मागच्या खेपेला घर विकायचं बोललास ना? मीसुद्धा नसता उचलला."

तिनं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. सकाळचा निरोप होता: बाबांचं काम झालं.

बाबांनी आयुष्यभर फोटो काढले होते. हल्ली ते घरी बसून जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचे. एकटं राहायचं ठरवलं तेव्हाच त्यांनी अट घातली होती, जिवंत आहे का बघायला रोज फोन करायचा नाही. मग तिनं हा तोडगा काढला. रोज सकाळी त्यांच्या कायम चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी आपोआप उघडायची आणि विचारायची, फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत? बाबांनी पत्ता टाइप केला की फोटो तिच्याकडे यायचे आणि तिच्या फोनवर निरोप. डोळे उघडले की आधी बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायचा, मग निरोप बघायचा, मगच अंथरूण सोडायचं, असा तिचा नेम झाला होता.

सुरुवातीला बाबा वैतागले. पत्त्यात कुठे जागा सुटली, कुठे अवतरणचिन्ह जास्तीचं पडलं, कुठे तिरकी रेघ उलटी झाली, की लाल अक्षरं हजर. "तुझं यंत्र माझ्यावर डाफरतं," ते म्हणाले होते. तिनं मनावर घेतलं. प्रोग्राम जास्तीच्या जागा गिळायला शिकला, चिन्हं काढून टाकायला शिकला, रेघा सरळ करायला शिकला. पत्ता अगदीच चुकला तर कालचं फोल्डर घ्यायला शिकला. एकदोनदा ती खिडकी वाट बघत तशीच अडकून राहिली आणि दुसऱ्या दिवशीचं काम खोळंबलं. त्यावरही तिनं उपाय शोधला. त्यानंतर बाबांची एकही तक्रार आली नाही.

"पण यात त्यांची तब्येत कुठे दिसते?" दादानं विचारलं.

"ठणठणीत असल्याशिवाय माणूस रोज न चुकता कॉम्प्युटरपुढे बसतो?"

"न चुकता? आपले बाबा? स्वतःच्या लेकीच्या लग्नात कॅमेरा विसरून आलेला माणूस तो."

"आणला की त्यांनी मग परत जाऊन."

"दाखव बघू तुझं यंत्र."

तिनं लॅपटॉपवर खिडकी उघडून दिली. दादानं एका बोटानं टाइप केलं, भोपळा.

छान, बाबा. फोटो निघाले, अशी हिरवी अक्षरं उमटली.

"भोपळासुद्धा चालतो की याला."

"लाल अक्षरं दिसली की ते वैतागतात. म्हणून कालचं फोल्डर घेतं. काय बिघडलं?"

दादानं खिडकी पुन्हा उघडली आणि काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं. छान, बाबा. फोटो निघाले.

"आता बोल."

"एंटर दाबायला तरी माणूस लागतोच ना? कुणीतरी तिथे बसलंय, मला तेवढं पुरे." तिचा आवाज चढला. "आणि ऐकून ठेव. शनिवारी तू गेलास, तर मी तुझ्याआधी पोचलेली असेन. हिला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसेन. बघू कसा नेतोस."

"हट्ट अगदी बापावर गेलाय." दादा हसला. त्यानं तिसऱ्यांदा खिडकी उघडली. "आता काय घालू याच्या तोंडात? दोडका?"

तेवढ्यात बाळानं मामाच्या शर्टावर दुधाची गुळणी टाकली. दोघं नळाकडे पळाले. दादा शर्ट चोळत राहिला, तिनं टॉवेल पुढे केला.

"खरं सांग," तो हळूच म्हणाला, "त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

"निरोप येतोय म्हटल्यावर... मागच्या आठवड्यात. का त्याच्या आधी, बघावं लागेल."

दोघं बाहेर आले. तिचं लक्ष टेबलाकडे गेलं.

छान, बाबा. फोटो निघाले.

शेजारी फोनवर नवा निरोप होता: बाबांचं काम झालं.

"तू काय टाइप केलंस?"

"कुठे काय? त्याआधीच तुझ्या लेकीनं शर्ट रंगवला."

खिडकी अडकू नये म्हणून तिनंच प्रोग्रामला शिकवलं होतं, थोडा वेळ वाट बघायची आणि कुणी काही दाबलं नाही तरी पुढे जायचं. तिनं बाबांना फोन लावला. तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मग तिनं त्यांच्या शेजारणीचा नंबर काढला.

"काकू, हातातलं असेल ते ठेवा आणि आमच्या बाबांचं दार वाजवा. नाही उघडलं तर तोडा, पुढचं मी बघून घेईन. आणि त्यांना म्हणावं, मला शिव्या द्यायला तरी फोनवर या."