नातीचं नाव

“मावशी, आत तरी या. दारात उभं राहून का कुणी बारशाला येतं?”

दारातल्या मुलीनं असं म्हटल्यावर येतुंदे आत आली. आपल्या गावाहून, इसेयिनहून, इबादान शहरापर्यंत बसमध्ये अंग नुसतं मोडून निघालं होतं, पण मांडीवरचं गाठोडं तिनं खाली ठेवलं नव्हतं. त्यात नातीसाठी स्वतःच्या मागावर विणलेलं निळं कापड होतं.

लेकानं, कोलादेनं, फोनवर बजावलं होतं, “आई, येऊ नकोस. रस्ता फार खराब आहे.”

रस्ता कसला खराब! नवरा गेला, पाठोपाठ थोरला मुलगा गेला, तेव्हापासून गाव तिला चेटकीण म्हणायचं. चेटकिणीच्या घरात पोरगी कोण देणार, म्हणून कोलादेनं शहरात परस्पर लग्न उरकलं होतं. सुनेचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं. राग यायचा, पण उरल्यासुरल्या एका लेकावर किती दिवस रागावणार? एकदा नात मांडीवर घ्यायची, आजीच्या हक्कानं तिला एक नाव द्यायचं, मग खुशाल हाकलून दे म्हणावं.

नावही तिनं वाटेत ठरवलं होतं. अबेनी, नवसानं मागून घेतलेली. तिचं स्वतःचं नाव तिच्या बापाला शोधावं लागलं नव्हतं. त्याची आई वारली आणि वर्षाच्या आत ही जन्मली. आई परत आली, म्हणून येतुंदे.

बैठकीत शिरताच तिचा जीव भांड्यात पडला. समोरच्या भिंतीवर तिचाच फोटो, हा एवढा मोठा, सोनेरी चौकटीत. म्हणजे लाज वाटत नाही तर पोराला आपली. ती मागच्या रांगेत बसली.

शेजारच्या बाईनं आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अगदी त्यांच्यासारख्या दिसता हो. बहीण का त्यांची?”

येतुंदेला हसू आलं. फोटो काढून दोनच वर्षं झाली, तेवढ्यात एवढी का म्हातारी झाले मी? “नीट बघा,” ती म्हणाली, “ओळखाल.”

तेवढ्यात पुढे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी बाळाच्या जिभेला मध लावला, मग मीठ. कोलादे पाठमोरा उभा होता.

“काय नाव ठेवतोस, बाबा?”

“येतुंदे,” कोलादे म्हणाला.

सगळ्यांनी ते नाव मोठ्यानं म्हटलं. आपलं नाव इतक्या तोंडांतून ऐकून म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारच्या बाईनंही खांद्यावरच्या कापडाचं टोक ओढून डोळे पुसले.

“दुसरं कुठलं नाव ठेवणार बिचारा,” ती म्हणाली. “आई गेली तेव्हा लहान पोरासारखा रडला होता हो.”

येतुंदेचा हात गाठोड्यावरच राहिला. कोलादे वळला. त्यानं तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सून पाण्याचं भांडं घेऊन पाहुण्यांतून फिरत होती. एकेक जण त्यात नाणं टाकून बाळाला आपल्याकडचं एक नाव देत होता. पोरगी दिसायला गोड होती. कुशीतल्या लेकीला ती निर्धास्तपणे सगळ्यांच्या मांडीवर देत होती. फिरत फिरत ती मागच्या रांगेत आली आणि तिनं बाळ म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्हीही द्या ना एक नाव,” ती म्हणाली. “तुम्ही आमच्यापैकी कोण? मी ओळखलं नाही.”

म्हातारीनं निळं कापड बाळाभोवती गुंडाळलं. भांड्यात नाणं टाकलं.

“अबेनी,” ती म्हणाली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “मी तिची बहीण.”