डिस्क पुसायची का?

"नवी सिस्टिम म्हणून मिंटच टाकू या," लेक म्हणाली. "दोन-चार बघितल्या. एक लिनक्स हिच्याहून हलकी आहे, पण तिच्यात तुम्हाला काही सापडायचं नाही. हिच्यात खाली डाव्या कोपऱ्यात बटण. जुन्यासारखंच."

"जुन्यातलं तरी मला कुठं काय सापडत होतं, चिमे?" वडील म्हणाले.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. आई जाऊन चाळीस दिवस झाले होते. तिच्या आजारपणात लेक शिकायला बाहेर होती आणि आता सोमवारी तिला त्याहून दूरच्या शहरात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. बाबांशी व्हिडिओवर समोरासमोर बघून बोलता यावं, एवढं तरी हे यंत्र चालावं म्हणून ही खटपट.

पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर नवी सिस्टिम उघडली.

"ही अजून पेनड्राइव्हवरूनच चाललीय. आतलं सगळं जागच्या जागी आहे. आईनं माझ्यासाठी यात काहीतरी लिहून ठेवलंय, फोनवर म्हणाली होती. आधी ते काढून घेते. दुसरा पेनड्राइव्ह आणते कोपऱ्यावरून. तोवर कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय? मला मिक्सर लावायची भीती वाटते."

कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं. पुढच्या चौकापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती.

"बाबा! काय केलंत?"

"काही नाही गं. माऊसला हात लागला. एक चौकट आली, काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. मग नाव विचारलं. नाव घातलं."

"डिस्क पुसायची का, असं विचारलं असेल!"

"असेल. बँकेतही विचारतात, मी हो म्हणतो."

लेक जमिनीवर बसली. "आईचं शेवटचं होतं ते."

"चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? मीच उघडं टाकून गेले. माझाच मूर्खपणा."

ती हुंदके देत राहिली. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्या तोंडाकडे त्यांना बघवेना.

मग तिने तोंड धुतलं आणि फोन लावला. "सोमवारी मी रुजू होत नाहीये. हो, घरची अडचण. वडिलांना एकटं ठेवता येत नाही."

"अगं, माझ्यासाठी..." वडील म्हणाले.

"गप्प बसा. मिक्सरला घाबरणाऱ्या माणसाला सोडून जाऊ होय?"

ती भांडी घासायला आत गेली. वडील नव्या, कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले.

पुसलेलं पत्र आठ-दहा ओळींचं होतं. चिमे, तू जा. बाबांची काळजी करू नकोस. माझं दुखणं, स्वयंपाक, घर, सगळं त्यांनी एकट्यानं निभावलं. ते अडाण्याचं सोंग घेतील, भुलू नकोस. या वाक्याला वडिलांची बोटं थांबली होती, तेव्हा अंथरुणावरून बायको म्हणाली होती, "थांबलात का? टाइप करा."