जरा मोठ्याने, आपा

एकदाची खरखर गेली आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुकाशचा जीव भांड्यात पडला. माईक चालू होता, स्पीकर चालू होते, आणि तरीही सभागृहात शांतता होती.

कुणीतरी अँप्लिफायरचा आवाज पार वर नेऊन ठेवला होता आणि मिक्सरवरचा गेन, म्हणजे माईकचा आवाज आत घ्यायची पातळी, अगदी खाली. मग आवाजाबरोबर खरखरही मोठी होऊन बाहेर पडणारच. वसंतातल्या नूरूझच्या, नववर्षाच्या कार्यक्रमात तर स्पीकर असे किंचाळले होते, की जिल्ह्याचे पाहुणे कानात बोटं घालून बसले. तेव्हापासून संस्कृतिभवनाचा संचालक तुर्दाकुन त्याला येताजाता टोमणे मारायचा. ‘तुझ्या डब्यापेक्षा माझं गाढव सुरात ओरडतं’ हा त्यातला ठरलेला.

पण हाच तुर्दाकुन, शाळेपासूनचा मित्र, एक शब्द देऊन बसला होता. आजचा संध्याकाळचा कार्यक्रम पाहुण्यांसमोर बिनबोभाट पार पडला, तर मिक्सरवरची दुसरी जागा मुकाशच्या मुलाला, तिलेकला. मग तिलेकला पुन्हा उत्तरेला, रशियात, बांधकामावर जायला नको. पोरगा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येणार होता. या खेपेला त्याला परत पाठवायचं नाही, हे मुकाशने मनाशी पक्कं केलं होतं. काळजी करून करून पोराची आई अर्धी झाली होती, आणि खरं सांगायचं तर मुकाशलाही घर खायला उठत होतं.

दुपारी तुर्दाकुन बुरुल आपांना घेऊन आत आला.

“शेवटचा कार्यक्रम आपांचा आहे,” तो म्हणाला. “त्यांचा आवाज आत्ताच जुळवून घे.”

बुरुल आपांना सगळं खोरं ओळखत होतं. कुणाचं माणूस परमुलखात वारलं, तर ती बातमी घरच्यांच्या तोंडावर फेकायची नसते. चार वडीलधारे जमतात आणि आपांसारखी एखादी जाणती बाई गाण्यातून, आडून आडून ती सांगते. अगदी शेवटी नाव घेते. नव्या पोरांनी ही रीत कधी पाहिलेली नाही, म्हणून आज ती रंगमंचावर दाखवायची होती.

“काय रे, आज गाढव घरी ठेवून आलास?” मुकाशने विचारलं. “तिलेकच्या जागेचं लक्षात आहे ना?”

“आहे.” तुर्दाकुन हसला नाही. “तुझा फोन दे इकडे. त्याने स्पीकरमध्ये टिकटिक होते.”

“इतकी वर्षं मी कंठशोष करतोय, ते आज शिरलं तुझ्या डोक्यात,” असं म्हणत मुकाशने खुशीने फोन काढून दिला.

कार्यक्रमाला अजून बराच वेळ होता, तरी माणसं येऊ लागली. शेजारपाजारची, गल्लीतली. पुरुष उंच कल्पाक टोप्या घालून, बायका डोक्यावर रुमाल बांधून, गुपचूप खुर्च्यांवर बसत होती. मुकाशला ते बरंच वाटलं. रिकाम्या सभागृहात आवाज नुसता घुमतो, माणसं बसली म्हणजे खरा कळतो.

गावातले सर्वांत वयस्क सेयित अक्सकाल पहिल्या रांगेतून म्हणाले, “मुकाश, खाली ये. आमच्यात बस.”

“मी खाली बसलो तर हा डबा कोण सांभाळणार, अक्सकाल?”

म्हातारबुवा काठी टेकत मागे आले आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. “मग मीच बसतो तुझ्यापाशी,” म्हणाले.

आपांनी सुरुवात केली. नदी गोठल्याचं काहीतरी होतं, पण आवाज पुटपुटल्यासारखा. मिक्सरवर जेमतेम एक हिरवा दिवा लागला.

“जरा मोठ्याने, आपा,” मुकाश म्हणाला. “चाचणीला सगळे पुटपुटतात आणि संध्याकाळी गळा काढतात. जिथे सगळ्यांत मोठा आवाज लागणार, तेच गा. गेन त्यावरच लावायचा असतो. पहिल्याच ठिकाणी आवाज फाटला, तर पुढे कितीही कमी करा, फाटलेलाच राहतो.”

“तिथे एकदम नाही जाता येत, बाळा,” आपा म्हणाल्या. “हळूहळूच जावं लागतं.”

“या हळूहळूनेच तर घात होतो.”

आपांनी तुर्दाकुनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यांनी पुन्हा धरलं, वाट बघणाऱ्या घोडीचं, मग घरट्यात न परतलेल्या ससाण्याचं. मुकाशने दोन बोटांनी गेन हलकेच फिरवला. हिरवे दिवे वर चढले, पिवळा लुकलुकला, तांबडा विझलेलाच राहिला. काय स्वच्छ आवाज आला. हे असं, दोन बोटांनी, तिलेकला शिकवायचं, असं त्याच्या मनात आलं. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. आपा गायला लागल्या की बायका रडायच्याच.

“अजून मोठ्याने,” तो म्हणाला. “ते अगदी शेवटचं घ्या, नाव येतं ते.”

अक्सकालांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपांनी डोळे मिटले.

“हात पुढे करून बसू नकोस, बापा,
उत्तरेच्या बर्फात ससाणा पडला,
तुझा तिलेक आता परतायचा नाही.”

आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला, कुठेही न फाटता. मुकाश कसाबसा हसला. कार्यक्रमाला नाव लागतंच, म्हातारीने समोरच्याच्या पोराचं घेतलं, झालं. त्याने आपल्यापुढचा माईक ओढला.

“आपा, असं अभद्र बोलू नये,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्या.”

आपांनी ती ओळ पुन्हा गायली. नाव बदललं नाही.